मधली खिडकी

कॅराव्हॅनमध्ये मधली खिडकी पाडायची कल्पना आत्मारामचीच होती. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे बर्थ, मध्ये पत्रा. गाडी चालवणारा एकटा पडू नये, मागच्या गप्पा त्यालाही ऐकू याव्यात, म्हणून त्याने त्या पत्र्यात वीतभर सरकती काच बसवली. कडी तेवढी मागच्या बाजूला आली, पुढे तिला जागाच नव्हती. शनिवारी सकाळी सव्वानऊला गाडी निघाली आणि पाचव्या मिनिटाला ती कडी लागली.

"एसीची हवा जातेय रे पुढे," स्वप्नील म्हणाला होता. आत्मारामने मान डोलावली. दुसरं काय करणार?

दोन वर्षांचे रविवार या गाडीने खाल्ले होते. काशीमीऱ्याच्या ज्या गॅरेजमध्ये तो डेंटिंग-पेंटिंग करायचा, तिथे एका शाळेची जुनी मिनीबस मोडीत निघाली होती. ती त्याने घेतली, आरटीओत खेटे घालून स्वतःच्या नावावर खासगी नोंदणी करून घेतली, आणि तिला चार बर्थ, छोटा ओटा, फ्रिज असं सगळं स्वतःच्या हाताने बसवलं. चारच बर्थ का, तर स्वप्नील आणि इशिता, आत्माराम आणि सुचेता. "नाशिकला जाऊ, द्राक्षांच्या वायनरी बघू, मस्त जेवू, रात्री गाडी तिथेच लावू. तू, मी आणि बायका, बास," असं स्वप्नील दोन वर्षांपूर्वी त्या उघड्या सांगाड्यात बसून म्हणाला होता. भाईंदरला एका चाळीत वाढलेले, एका बाकावर बसलेले हे दोघे. आता स्वप्नील मीरा रोडला टॉवरमध्ये राहायचा आणि वर्षातून दोनदा भेटायचा. आत्मारामला वाइनशी देणंघेणं नव्हतं, त्याने ती कधी चाखलीही नव्हती. त्याला फक्त एका टेबलावर स्वप्नीलच्या समोर बसायचं होतं, पूर्वी वडापावच्या गाडीवर बसायचे तसं.

आणि गुरुवारी स्वप्नीलचा फोन आला. त्याच्या ऑफिसातले जितेश सर आणि त्यांच्या मिसेस दिव्या मॅडम येणार होते. सरांना नाही म्हणणं बरं दिसत नाही, त्याच्या प्रमोशनचं चाललंय. "वहिनींना पुढच्या वेळी नक्की नेऊ. आणि तू काय, पुढच्या सीटवर आडवा होशील ना?"

सुचेताने रजा टाकलेली होती. नवी साडी इस्त्रीहून आलेली होती. ती एवढंच म्हणाली, "जाऊन या तुम्ही." शनिवारी पहाटे उठून तिने सुरमई तळली, घावणे केले आणि डबा भरून दिला. तो डबा गाडीत चढताच सरांनी नाक मुरडलं. एसीत माशाचा वास कोंडतो म्हणे. इशिताने डबा उचलून हसत हसत पुढे दिला, आणि आता तो आत्मारामच्या पायाशी होता.

साडेदहापर्यंत ते जेमतेम चेणे गावाच्या अलीकडे पोचले. घोडबंदर रस्ता ट्रकांनी गच्च भरला होता. पुढे घाटात काम काढलंय, असं एक रिक्षावाला सांगून गेला. दुपारी एकचं टेबल बुक होतं नाशिकला. आधी वाइनचं टेस्टिंग, मग जेवण. टेबल पंधरा मिनिटांच्या वर धरून ठेवणार नाहीत, हे इशिताने सकाळपासून चारदा सांगितलं होतं, जणू रस्ता आत्मारामनेच अडवला होता. पत्र्यापलीकडून हसण्याचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मध्येच काचेवर टकटक झाली. गप्पांत घेतायत असं वाटून त्याने कान दिला, तर काच बोटभर सरकली आणि सरांचा आवाज आला, "भैया, ती डावीकडची लेन चालू आहे बघ." आत्मारामच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने ती गिळली आणि डावीकडे बघितलं. ती लेनही बंदच होती.

चेण्याच्या पुलाशी हवालदाराने हात केला. वयस्क माणूस, उन्हाने वैतागलेला. त्याने पांढरी नंबर प्लेट बघितली, मागचे पडदे बघितले.

"कागद दाखव. मागे कोण आहेत?"

आत्माराम तोंड उघडणार तेवढ्यात बाजूची खिडकी सरकली आणि जितेश सर म्हणाले, "पेपर्स ड्रायव्हरकडे आहेत. आम्ही फक्त बसलोय. जरा लवकर सोडा, एकचं बुकिंग आहे."

"ड्रायव्हर?" हवालदाराने कान टवकारले. "खासगी गाडीवर भाडं मारतोस? उतर खाली."

आत्माराम उतरला. दंडाचं नंतर बघू, आधी गाडी पोलिसांच्या यार्डात लागेल, असं हवालदार शांतपणे सांगत होता. दोन वर्षांचे रविवार यार्डात. स्वप्नील मागून घाईघाईने उतरला.

"साहेब, गैरसमज झाला. हा माझा मित्र आहे. लहानपणापासूनचा."

"सगळेच मित्र असतात," हवालदार म्हणाला. "मला रोज दहा मित्र भेटतात इथे. याच्या घरी कोण कोण असतं, सांगा बरं."

"आई-वडील, वहिनी, मुलगी," स्वप्नील भराभर बोलला.

आत्मारामने खाली डांबराकडे बघितलं. हवालदाराने ते बरोबर टिपलं.

"काय रे, बरोबर आहे?"

"वडील नाहीत, साहेब," आत्माराम म्हणाला. "वर्ष झालं."

स्वप्नीलचा चेहरा उतरला. हवालदार आता त्याच्याकडे वळला होता. "बायकोचं नाव काय याच्या?"

यात अवघड काहीच नव्हतं. बारा वर्षं स्वप्नील तिच्या हातचं जेवला होता. वहिनी, पाणी द्या. वहिनी, काय झणझणीत केलंय. वहिनी, येतो. नाव घ्यायची वेळ कधी आली नव्हती आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र तो गाडीच्या खिडकीकडे बघायला लागला. तिथून इशिता हळूच म्हणाली, "सुनीता ना?"

"सुनीता," स्वप्नील म्हणाला.

हवालदाराने आत्मारामचं लायसन्स हातावर आपटलं. "आता तू सांग. याचं काय काय माहितीय तुला?"

आत्मारामला बोलायचंच नव्हतं. पण गाडी जाणार होती, म्हणून तो बोलला. "वडील धर्माजी, कंपनीत फिटर होते. आई आनंदी, तिला शुगर आहे, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं, रिक्षाने मीच नेलं होतं, हा दिल्लीला होता. बायको इशिता. लग्न सतरा मेला. उजव्या गुडघ्यावर टाके आहेत, सातवीत माझ्या सायकलवरून पडला होता." बोलता बोलता त्याचा आवाज चढला, आणि चढतोय हे कळूनही त्याला तो आवरता येईना. राग हवालदाराचा नव्हता.

"एवढं मला माझ्या सख्ख्या भावाचं ठाऊक नाही," हवालदार म्हणाला. "पण हे एकाच बाजूचं झालं. आता खरं काय ते तूच सांग. मित्र की पॅसेंजर?"

पॅसेंजर म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं. म्हटलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. मग गाडी गेली असती, यांना भर उन्हात रिक्षा शोधावी लागली असती, आणि स्वप्नीलचं प्रमोशन-बिमोशन सगळं इथेच पुलावर राहिलं असतं. त्याने गाडीकडे बघितलं. निळा रंग त्याने तीन हात दिला होता.

"मित्र आहे, साहेब," तो म्हणाला.

हवालदाराने कागद परत केले. स्वप्नीलने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "चल, चल. बस लवकर."

आत्मारामने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "तू चालव."

"अरे, पण सर आहेत मागे..."

"लायसन्स आहे ना तुझ्याकडे? मग चालव. मित्र आहेस."

त्याने केबिनमधून सुचेताचा डबा उचलला आणि तो मागच्या दाराने आत चढला. उजवीकडचा वरचा बर्थ त्याने स्वतःच्या मापाचा केला होता, पाच फूट आठ इंच, आणि वर दोन बोटं जास्त. त्यावर सरांची बॅग होती. त्याने ती खाली ठेवली.

"एक्सक्यूज मी," जितेश सर म्हणाले.

"ही माझी जागा आहे, सर." मग त्याने मधल्या खिडकीची कडी काढली आणि काच पूर्ण सरकवली. हवा जाते, असं दिव्या मॅडम पुटपुटल्या. कुणीच काच लावायला उठलं नाही.

पहिल्यांदाच तो त्या बर्थवर आडवा झाला. माप बरोबर होतं. पण सुख कसलं आलंय? पुढे स्वप्नील गिअर टाकताना असा आवाज काढत होता की प्रत्येक खडखड आत्मारामच्या दातांत जात होती. गाडी दहा फूट सरकली आणि थांबली. एकचं टेबल गेल्यात जमा होतं. इशिता फोनवर नाशिकच्या कुणाला तरी विनवत होती, की दोन वाजता चालेल का, अडीचला चालेल का. आत्माराम उठून बसला, त्याने डबा उघडला, घावण्यात सुरमईचा तुकडा धरला आणि खायला लागला. वास गाडीभर पसरला. पसरू दे.

मग पुढून, खिडकीतून, मान न वळवता स्वप्नीलने विचारलं, "आत्म्या, बाबा कधी गेले रे?"

"मागच्या श्रावणात. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं."

"मी बघितलंच नाही, शपथ."

"बघितलं होतंस," आत्माराम म्हणाला. "खाली अंगठा टाकला होतास."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. स्वप्नील तसाच बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

"क्लच पूर्ण दाब," आत्माराम घास गिळून म्हणाला. "पुढची गाडी सरकलीय."