पृथ्वीगोलाने दाखवलेली जवळची वाट

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पण जुना म्हणून मला मोडीत काढू नका. पोटात पोकळी असली तरी माझ्या अंगावर सगळं जग आहे आणि त्याचा मला रास्त अभिमान आहे.

एका कारखान्यात पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल जोडून, वर नकाशाच्या पट्ट्या चिकटवून मला घडवलं. तिथून मी विमानाच्या तिकिटांच्या दुकानात आलो. मालकीणबाई माझ्यावर दोरा धरून गिऱ्हाइकांना दोन शहरांमधलं अंतर दाखवत. मुलं मला गरागरा फिरवत. माझा तोरा काय विचारता! मग टेबलावर संगणक आला. शहरांची नावं टाकली की अंतर आणि प्रवासाचा वेळ पडद्यावर हजर. माझी रवानगी कपाटावर झाली.

एके दिवशी सुतारकाका दुकानात आले. त्यांची धाकटी बहीण सातासमुद्रापार राहत होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. काकांचं मूत्रपिंड तिला जुळत होतं, ते देण्याच्या शस्त्रक्रियेचा दिवसही ठरला होता. पण काका जन्मात विमानात बसले नव्हते. भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी या शहरापासून त्या शहरापर्यंत बोट फिरवलं आणि मटकन खुर्चीत बसले.

“ताई, हा तर सगळा समुद्रच! एक मूत्रपिंड काय, दोन्ही देईन. पण एवढ्या पाण्यावरून अधांतरी जायचं म्हणजे... बोट नाही का?”

“बोटीला आठवडे लागतील, काका. विमान एका दिवसात पोचवेल.”

“अख्खा दिवस अधांतरी!”

बाईंनी पडद्यावरचे आकडे दाखवले. काकांचा घाम काही थांबेना. तेव्हा बाई स्टुलावर चढल्या, मला खाली घेतलं, रुमालाने पुसलं आणि दोरा काकांच्याच हाती दिला.

“तुम्हीच ताणा.”

जन्मभर लाकडावर सरळ रेघा आखणारे ते हात. काकांनी एक टोक आपल्या शहरावर दाबलं, दुसरं बहिणीच्या शहरावर, आणि दोरा ताणला. तो नकाशावरच्या त्यांच्या बोटासारखा समुद्रावरून गेलाच नाही! वर उत्तरेकडे सरकला आणि बराचसा जमिनीवरूनच पलीकडे उतरला.

“अरेच्चा! नकाशा सपाट, म्हणून वाट लांबची दिसत होती होय?”

“हो. विमानही साधारण याच वाटेने जातं. मधे थोडा समुद्र आहे मात्र.”

“तेवढा डोळे मिटून काढतो. काढा तिकीट!”

काका विमानाने बहिणीकडे पोचले. शस्त्रक्रिया पार पडली आणि बरे होऊन ते घरी परतले. पुढे बऱ्याच महिन्यांनी ते बहिणीला माहेरपणाला आणायला पुन्हा गेले आणि दोघं दुकानात पेढे घेऊन हसत आली.

“ताई,” बहीण म्हणाली, “दादाला माझ्याकडे यायला जास्त वेळ लागला आणि आम्ही इकडे लवकर पोचलो. अंतर तर तेवढंच ना?”

बाई बोलायच्या आत काकाच म्हणाले, “अगं, जाताना वारा तोंडावर असतो, येताना पाठीवर! वैमानिकाला विचारून आलोय मी.”

“आणि डोळे मिटले होतेस ते?”

“ते जाताना. येताना खिडकीतून तुला खालचा समुद्र कुणी दाखवला?”

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला जपा, अधूनमधून पुसा. आणि लांबच्या आपल्या माणसाचं गाव त्याच्यावर शोधा. अंतर कापायला विमान आहे. घरातून निघायचं मात्र आपल्यालाच असतं.