टोपी गळकी नव्हती

मी एक जुनी पोहण्याची टोपी आहे. रंग गडद निळा, वजन जेमतेम पन्नास ग्रॅम, अंग सिलिकॉनचं. मित्रांनो, साताऱ्यात माझ्याबद्दल एकच गोष्ट ऐकायला मिळते, आणि ती खोटी आहे. म्हणून माझी हकिगत मीच सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. मधासारखं दाट सिलिकॉन साच्यात दाबून तापवलं, आणि काही मिनिटांत मी तयार झाले. माझ्यासारख्या शेकडो टोप्या त्या दिवशी साच्यातून निघाल्या. मी खोक्यात बसून साताऱ्याच्या एका खेळसाहित्याच्या दुकानात आले. तिथून मला शकिला आपांनी नेलं. त्यांची मुलगी मिस्बाह तेव्हा सातवीत होती आणि पोहायला शिकत होती.

मिस्बाहबरोबर मी पाच उन्हाळे पाण्यात काढले. ती तलावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाई, आणि परत येताना दर खेपेला दोन-तीन सेकंद वाचवी. शाळेच्या स्पर्धेत ती दुसरी आली, तेव्हा तिने मला डोक्यावरून काढून हवेत फिरवलं होतं. माझं कौतुक असं झालं ते तेवढंच. पुढे ती नर्सिंग शिकायला पुण्याला गेली. आपांनी मला धुतलं, सावलीत वाळवलं, आतून टाल्कम पावडर लावली आणि आपल्या ब्युटी पार्लरच्या कपाटात ठेवलं. पावडर नसेल तर सिलिकॉन स्वतःलाच चिकटतं. हे आपांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी निरीक्षणातून शोधलं होतं.

आपांचं पार्लर लहान आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन, एक मोठा आरसा. मे महिन्यात तिथे एक वेगळाच रिवाज सुरू झाला. केस रंगवून घेतलेली एखादी बाई सुट्टीत पोहायला जाणार असेल, तर आपा मला तिच्यासोबत उसनी पाठवत. मी महाबळेश्वरच्या हॉटेलात गेले, कोकणात गेले, शिराळ्याजवळच्या एका विहिरीतही उतरले. परत आल्यावर बाई म्हणे, "आपा, रंग जसाच्या तसा राहिला हो!" आणि आपा माझ्याकडे बघून हसत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टोपी घातली म्हणजे केस कोरडेच राहतात, असं नाही. कपाळाच्या आणि मानेच्या कडेने थोडं पाणी शिरतंच. म्हणून आपा प्रत्येकीला बजावत, "आधी नळाच्या साध्या पाण्याने केस ओले करायचे. मग खोबरेल तेल चोळायचं. वेणी घालायची. मग टोपी. बाहेर आल्यावर लगेच परत साध्या पाण्याने धुवायचे."

एखादी विचारी, "पाण्यातच जायचंय, तर आधी ओले कशाला?"

आपा दोन फडकी घेत, एक कोरडं आणि एक ओलं पिळलेलं. दोन्ही चहात बुडवून दाखवत. कोरडं फडकं गच्च तपकिरी होई. ओलं फिकटच राही. "केसाचंही असंच," त्या म्हणत. "पोट आधीच भरलेलं असलं की वाईट पाणी कमी पितो."

रंगवलेल्या केसाला हे जास्त लागू पडतं. फिका रंग देण्याआधी केसाचा मूळ रंग काढावा लागतो. त्यात केसावरचे सूक्ष्म खवले उघडे पडतात. उघड्या खवल्यांतून काहीही आत जातं.

हे सगळं ज्ञानदाला माहीत होतं. ती शेजारच्या क्षमाताईंची मुलगी, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी. तिचे केस कमरेपर्यंत. या वर्षी सांगलीत केशभूषेची स्पर्धा होती. नियम असा की रंग आठ दिवस आधी दिलेला असावा, म्हणजे तो टिकतो का ते परीक्षकांना दिसेल. जिंकणाऱ्याला प्रशिक्षणाचा वर्ग चालवायची मान्यता मिळणार होती. आपा अकरा वर्षं मुलींना एकेक करून शिकवत होत्या. दारावर वर्गाची पाटी लावायची, एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्यासाठी त्यांनी ज्ञानदाचं डोकं निवडलं.

सहा तास त्या उभ्या होत्या. काळ्या केसांतून मधाच्या रंगाच्या बारीक बटा काढल्या, इतक्या बारीक की उन्हात गेल्याशिवाय दिसू नयेत. ज्ञानदा आरशासमोर उजवी-डावी वळून बटा न्याहाळत राहिली.

मग म्हणाली, "आपा, मी चार दिवस मामाकडे चाललेय. तासगावला. हौदात पोहले तर चालेल?"

आपांनी तिच्या बटांकडे एकदा बघितलं. मग त्यांनी मला कपाटातून काढून तिच्या हातात दिलं. "हिला घालून पोह. कसं करायचं ते तुला सांगायला नको, बेटा. तू तर यातलीच."

"आपा, काळजी करू नका. शब्द दिला."

मित्रांनो, तो शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. मला कान नाहीत हे मान्य, पण कानांवर बसण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

बाळासो मामांची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला सिमेंटचा मोठा हौद, पाणी छातीइतकं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी आरपार निळं दिसत होतं.

"बघ की ज्ञानू!" मामा कौतुकाने म्हणाले. "परवापतूर नुसतं शेवाळ हुतं. तू येनार म्हनून मोरचुदाची पुरचुंडी बांधून सोडली. तळ दिसाया लागला बघ!"

मोरचूद म्हणजे निळे खडे, तांब्याचा एक क्षार. द्राक्षबागेत रोग पडू नये म्हणून तो चुन्यात मिसळून फवारतात, त्यामुळे बागायतदाराच्या घरी तो असतोच. त्याने शेवाळ मरतं, हेही खरं.

"मामा, त्यात तांबं असतं," ज्ञानदा म्हणाली.

"मंग आसू दे की! लोक तांब्याच्या भांड्यातलं पानी पित्यात न्हवं? तब्येतीला लय चांगलं!"

सगळे हसले. ज्ञानदाही हसली. पण त्या दिवशी तिने सगळं नीट केलं. केस ओले केले, तेल लावलं, वेणी घातली आणि मला चढवलं. तिची मामेबहीण शिवांजली काठावर बसून टिंगल करत होती.

"आक्का, डोक्यावर कलिंगड ठेवल्यागत दिसतंय! सहा तास बसून रंग दिला, आन् टोपीत कोंबला? मंग बघनार कोन?"

ज्ञानदा तशीच पाण्यात उतरली. बाहेर येताच केस धुतले, तेव्हा बटा मधासारख्याच होत्या. मी माझं काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आरशासमोर जास्त वेळ थांबली. मग हौदाशी आली, मला पंपाच्या मोटारीच्या पेटीवर ठेवलं आणि केस मोकळे सोडले. कोरडे, तेलाशिवाय.

"शिवा, मोबाईल धर. एकच उडी. पाण्यातून वर येताना केस मागे टाकते, ते घे."

"आता कसं!" शिवांजली म्हणाली.

पहिल्या वेळी केस तोंडावर आले. दुसऱ्या वेळी शिवांजलीचं बोट आडवं आलं. तिसऱ्या वेळी ऊन गेलं. मी मोजत होते. ती नऊ वेळा आत गेली. मग केस न धुता उन्हात वाळवत बसली आणि तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत राहिली. मी पेटीवर पडून होते. एकदा तरी तिची नजर माझ्याकडे वळेल असं वाटलं होतं.

संध्याकाळी शांपूच्या फेसातून बटा बाहेर आल्या त्या हिरव्या. कच्च्या द्राक्षासारख्या.

"आक्का, शेवाळ मेलं न्हाई, तुझ्या डोक्यात गेलं!" शिवांजली खिदळली. मग तिने ज्ञानदाचा चेहरा बघितला आणि मोबाईल खाली ठेवला.

शनिवारी आम्ही एसटीने परत निघालो. स्पर्धा रविवारी सकाळी. मी ज्ञानदाच्या मांडीवरच्या पिशवीत होते. वाटेत ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. मला वाटलं, क्षमा कशी मागायची ते ती जुळवते आहे.

पार्लरमध्ये तिने डोक्यावरची ओढणी काढली आणि म्हणाली, "आपा, टोपी गळली."

आपांनी एक बट बोटांवर घेतली. उजेडाकडे नेली. मग कपाळाजवळची आणि मानेजवळची बटही बघितली.

"मी रोज घालत होते. तेलही लावलं होतं. तुमची टोपीच जुनी निघाली, त्याला मी काय करू?"

एसटीत तिने पाठ केलेलं वाक्य हेच होतं. ज्या डोक्याला मी पहिल्या दिवशी सांभाळलं, त्याच डोक्यातून ते निघालं होतं.

आपांनी मला तिच्या हातातून घेतलं. बेसिनवर दोन मग पाणी माझ्यात भरलं, तोंड फितीने बांधलं आणि मला टॉवेलच्या खुंटीला अडकवलं. खाली वर्तमानपत्र अंथरलं. मग त्या कामाला लागल्या. सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून पाण्यात कालवल्या, तो लेप बटांना लावला, धुतला, पुन्हा लावला. हिरवा रंग फिका झाला, पण गेला नाही. पुन्हा ब्लीच केलं असतं तर केस तुटले असते.

तासाभराने आपा वर्तमानपत्राकडे वळल्या. कागद कोरडा होता.

"बघ," त्या म्हणाल्या.

ज्ञानदाने बघितलं. तिची मान खाली गेली.

"कडेने पाणी गेलं असतं तर कपाळाशी आणि मानेशी जास्त हिरवं दिसलं असतं," आपा हळू म्हणाल्या. "तुझं मुळापासून टोकापर्यंत सारखं आहे. केस मोकळे होते."

"आपा..."

तेवढ्यात क्षमाताई आत आल्या. लेकीचं डोकं बघून दारातच थबकल्या. "अगं बाई! हे काय करून घेतलंस? उद्या स्पर्धा ना आपांची? काय केलंस तू?"

मी श्वास रोखला असता, जमलं असतं तर. आता खरं बाहेर येणार होतं. ज्ञानदाने मान वर केली, पण तोंड उघडलं नाही.

"तिला ओरडू नका, क्षमाताई," आपा म्हणाल्या. "टोपी जुनी झाली होती. गळली. मीच बघून द्यायला हवी होती."

तेव्हा मी त्यांच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर लटकत होते. दोन मग पाणी पोटात, खाली कोरडा कागद. तिघींपैकी एकीनेही वर बघितलं नाही.

ज्ञानदाने केलं, त्याचा मला राग आला. आपांनी केलं, त्याचं काय करावं ते अजून कळत नाही. त्या का खोटं बोलल्या हे मला समजतं. पोरीला घरी मार बसू नये, बोलणी बसू नयेत. पण त्यांच्याकडे पुरावा होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने खुंटीला टांगला होता.

आपांनी सांगलीला फोन करून नाव मागे घेतलं. दारावर पाटी लागली नाही. गल्लीत मात्र आठ दिवसांत सगळ्यांना कळलं की शकिला आपांच्या गळक्या टोपीने ज्ञानदाचे केस हिरवे केले. त्यानंतर मला कुणी उसनं मागितलं नाही.

एका दुपारी आपांनी मला लाकडी पाटावर ताणलं, सुई मेणबत्तीवर तापवली आणि माझ्या अंगाला भोकं पाडायला सुरुवात केली. ओळीने, सारख्या अंतरावर, एकशे बारा. बारीक बटा रंगवायच्या असल्या की अशी टोपी लागते. ती डोक्यावर चढवायची आणि एकेका भोकातून आकड्याने केस बाहेर ओढायचे. सुईचा चटका लागत होता, पण त्याहून जास्त हे टोचत होतं की काम करताना आपा एकदाही थांबल्या नाहीत.

मित्रांनो, केस रंगवले असतील आणि सुट्टीत पोहायला जाणार असाल, तर आधी साधं पाणी, मग तेल, मग वेणी, मग टोपी. पाण्यात काय टाकलं आहे, ते विचारायला लाजू नका. आणि इतकं करूनही हातून चूक झाली, तर ती चूक तुमचीच राहू द्या. टोपीवर, छत्रीवर, सायकलवर ढकलू नका. आम्हाला बोलता येत नाही, एवढ्याच भरवशावर तुम्ही आमचं नाव घेता.

परवा एक गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. आपांनी मला तिच्या डोक्यावर चढवलं. तिने आरशात बघत विचारलं, "आपा, ही तीच का हो, गळकी?"

आपांच्या हातातला आकडा किंचित थांबला.

"हो," त्या म्हणाल्या. "तीच."

आणि मित्रांनो, आता ते खरं आहे.