मेलेल्यात धरलेला माणूस

माझा नवरा जिवंत असताना तुम्ही त्याला मेलेल्यात जमा केलंत. ठरवून केलंत, आणि फार गोड आवाजात.

आर्व्हिल स्वयंपाकघरात सफरचंद सोलत बसला होता. तुमच्या विमा कंपनीतल्या बाईचा फोन आला. "व्हर्ना मॅडम, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. एकटेपणाची सवय व्हायला वेळ लागतो."

मी म्हटलं, "कसलं एकटेपण? तो इथं बसून माझ्या जमिनीवर सालं टाकतोय!"

"हो, माहीत आहे," ती म्हणाली. "आम्ही थोडं आधीच सुरू करतो."

मी फोन ठेवून दिला.

आर्व्हिलच्या हृदयाची झडप आखडली आहे. सगळी उमर कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस, आता त्याला अंगणातल्या पायऱ्याही चढवत नाहीत. लेक्सिंग्टन शहरातल्या मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर म्हणाले, झडप बदलली तर हा पुन्हा टेकडी चढेल. नाही बदलली तर हिवाळा निघणं कठीण. पण कापायचं की नाही हे डॉक्टर कुठे ठरवतात? ते तुम्ही ठरवता. औषध, बिछाना, ऑपरेशन, सगळ्याला आधी तुमची परवानगी.

त्या परवानगीआधी तुम्ही घरी नर्स पाठवलीत. शहरातली, हसरी पोर. मी तिला डुकराच्या हाडावर शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. उपाशी कसं पाठवायचं? तिने विचारलं, "कसं वाटतंय, काका?"

आर्व्हिल म्हणाला, "मी तर कधीच मेलोय गं पोरी. पुरायचा तेवढा राहिलोय. बायकोला खड्डा खणायला सवड नाही."

मी हसले. शेजारचा होबर्ट दारात उभा होता. तो म्हणाला, "खड्डा मी खणतो, वहिनी. फक्त त्याची बंदूक मला द्या."

आमच्या डोंगरात कुणी 'बरा आहे' म्हणत नाही. बरं म्हटलं की दृष्ट लागते. धडधाकट गडीसुद्धा मरणाचीच भाषा बोलतो. नर्स मात्र हसली नाही. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, मायाळू आहे.

मग ते फोन सुरू झाले. पहिला सोडला तर नेमका आर्व्हिलचा डोळा लागला की यायचे. "त्यांचा निळा कोट लगेच देऊन टाकू नका, मॅडम. नंतर पस्तावा होतो." कोट नर्सने पाहिला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग एका दुपारी फोनवरची बाई म्हणाली, "खुर्ची खिडकीपाशी हलवलीत ते छान केलंत. पण ते गेल्यावर तिकडे बघत बसू नका."

खुर्ची मी त्याच सकाळी हलवली होती. घरात कुणी आलं नव्हतं. मी पडदे ओढून घेतले.

पुढच्या खेपेला आर्व्हिल जागा होता. त्याने फोन हिसकावला. "मयत बोलतोय! ऑपरेशनचं काय झालं ते सांग."

 पलीकडून तोच मधाळ आवाज. "मॅडम, तुम्हाला त्यांचा आवाज ऐकू येतोय का? सुरुवातीला होतं असं."

त्याने फोन टेबलावर ठेवला आणि आपलेच हात उलटेसुलटे करून बघत बसला.

आमच्या डॉक्टरांनी तुमच्या डॉक्टरला गाठलं, तेव्हा परवानगी का अडली ते कळलं. आर्व्हिलला कधीही न पाहिलेला तो माणूस म्हणाला, "रुग्णाने मरण स्वीकारलंय. नर्सला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. बायकोचीही हरकत दिसली नाही."

माझं हसणं तुम्ही माझी संमती धरलंत!

काल होबर्टने कुंपणावरून हाक मारली, "काय रे, आहेस की गेलास?"

 आर्व्हिल म्हणाला, "बरा आहे."

होबर्टचा चेहरा पांढरा पडला. त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि तो घरी गेला.

आता आर्व्हिल ताटातलं चिवडतो आणि सोडून देतो. आरशासमोरून जाताना मान वळवतो. मध्येच मला विचारतो, "व्हर्ना, मी आत्ता बोललो, ते तुला ऐकू आलं ना?"

लेक्सिंग्टनला गुरुवारी ऑपरेशनची खोली मोकळी आहे. डॉक्टर तयार आहेत. माझं सांत्वन पुरे झालं. आता त्याच्याशी बोला, त्याला नावाने हाक मारा आणि त्याच्या तोंडावर सांगा: झडप बदलायची परवानगी देता की नाही?