बोटांनी फिरलेलं जग

मी एक पृथ्वीगोल बोलतोय. तुमच्या कपाटावर निळा-हिरवा, चकचकीत गोल ठेवलेला असतो ना, तो माझा लांबचा नातेवाईक. तो लांबून बघायचा असतो. मला मात्र जवळ घ्यायचं, चाचपायचं आणि बोटांनी वाचायचं. माझ्या अंगावर रंगाचा ठिपका नाही की एखादं अक्षर नाही. तरीही माझ्यामुळे कितीतरी मुली बसल्या जागी अख्खं जग फिरून आल्या. ही बढाई नव्हे. बरं, थोडीशी आहे.

माझा जन्म अंध मुलींच्या शाळेत, सुतारकामाच्या खोलीत झाला. तिथं भूगोल शिकवणाऱ्या बाई स्वतः जन्मापासून अंध. त्या लहान असताना वर्गात नकाशा उघडला, की त्यांना सांगितलं जायचं, "तू बस निवांत, हे तुझ्यासाठी नाही." परीक्षेतही तेच. नकाशाचा प्रश्न अंध मुलांना माफ, आणि त्याचे मार्क आपोआप पदरात. फुकटचे मार्क कुणाला नको असतात? बाईंना नको होते. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, केस पिकायला लागले, तरी परीक्षेचा नियम होता तिथंच होता.

एके दिवशी त्या भिंतीला हात लावत सुतारकामाच्या खोलीत आल्या. तिथं शिकवणाऱ्या काकांना दिसत होतं, आणि त्यांच्या हातात भारी कसब होतं.

"काका, मला पृथ्वी करून द्या," बाई म्हणाल्या.

काकांनी रंधा खाली ठेवला. "केवढी हवी?"

"मुलीच्या कवेत मावेल एवढी."

"कधी हवी?"

"या मुली शाळेतून बाहेर पडायच्या आत."

काका हसले आणि कामाला लागले. त्यांनी एक मोठा फुगा फुगवला आणि त्यावर खळीत भिजवलेल्या रद्दी कागदांचे थरावर थर चढवले. सगळं वाळून टणक झाल्यावर आतला फुगा फोडला. म्हणजे मी जगात आलो तो धडाम आवाज करतच. मग समुद्र झाले: व्हार्निशचे हात देऊन देऊन काकांनी ते काचेसारखे गुळगुळीत केले. जमिनीसाठी लाकूड घासायचा पॉलिश पेपर कापून चिकटवला. गोंदात बुडवलेली सुतळी डोंगर झाली, दोरे नद्या झाले, वाळवंटात खरीखुरी वाळू आली आणि ध्रुवांवर मेणाचं बर्फ. कमरेभोवती एक बारीक तार बसवली, ते विषुववृत्त.

या माणसाची एक गोष्ट मला फार आवडली. एक खंड चिकटवून झाला की ते डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवायचे. काही कळलं नाही तर तोंडातल्या तोंडात पुटपुटत सगळं उपटायचे आणि पुन्हा लावायचे. दक्षिण अमेरिका अशी उपटली तेव्हा मला चांगलंच झोंबलं होतं. पण जे आपल्याला दिसतंय ते दुसऱ्याच्या बोटांना दिसेल का, याची एवढी काळजी करणारा माणूस रोज कुठं भेटतो?

वर्गात माझा पहिला दिवस म्हणजे नुसता गोंधळ होता. एकाच वेळी इतके हात अंगावर पडले की मला गुदगुल्या आवरेनात.

"बाई, पृथ्वीला कंबरपट्टा का बांधलाय?"

"ते विषुववृत्त. ते खरं नसतं गं, आपण मानलेलं असतं."

"मग जहाज तारेला अडकत नाही?"

"अडकत नाही. खलाशाला कळतसुद्धा नाही ती कधी ओलांडली ते."

मग एकीनं पॅसिफिक महासागर ओलांडायला घेतला. बोट सरकत राहिलं, सरकत राहिलं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "अगं बाई, अजून पाणीच! कुणी जमीन करायची विसरलं का?" तेव्हा बाईंनी सगळ्यांना तळवा माझ्यावर कुठंही टेकवायला लावला. जवळजवळ प्रत्येकीच्या तळव्याखाली पाणी आलं. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणी किती जास्त, हे त्यांना पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही.

दिवस आणि रात्र तर बाईंनी अशी शिकवली की मीच थक्क झालो. सकाळच्या उन्हात मला खिडकीशी ठेवलं. थोड्या वेळानं माझी एक बाजू ऊबदार झाली, दुसरी गारच राहिली. "ऊब आहे तिथं दिवस, गार आहे तिथं रात्र," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला हळूच फिरवलं. गार देश उन्हात आले, ऊबदार देश सावलीत गेले. एक मुलगी हात तसाच ठेवून म्हणाली, "म्हणजे आपण इथं भूगोल शिकतोय आणि तिकडं पोरं घोरतायत?" तिला त्या पोरांचा हेवा वाटला असावा.

वर्षं गेली. माणसांची एक सवय तोवर माझ्या ध्यानात आली होती. सगळं जग पुढ्यात ठेवलं तरी पहिलं बोट जातं ते आपल्या घराकडे. प्रत्येक मुलगी आधी आपण राहतो ती जागा शोधायची, ती सापडली की दोनदा कुरवाळायची आणि मगच परदेशी निघायची. या मायेचा परिणाम व्हायचा तोच झाला. तिथला पॉलिश पेपर झिजत झिजत पार गुळगुळीत झाला. एकदा नव्यानं आलेली एक चिमुरडी घाबरून म्हणाली, "बाई, आपण पाण्यात राहतो?" अख्खा वर्ग हसून लोटपोट झाला.

मोठ्या मुलींनी मात्र त्यातून सोय काढली. किनाऱ्याच्या खरखरीत जमिनीत मधेच गुळगुळीत लागलं, की तेच आपलं घर. शोधायची कटकट नाही.

या मोठ्या मुलींमध्ये टिपरी होती. बोलताना, ऐकताना, जेवतानासुद्धा ती बोटानं कशावर तरी टिप टिप वाजवत राहायची, म्हणून हे नाव. अभ्यासात हुशार आणि स्वभावानं चिवट. शेवटच्या परीक्षेला वर्ष राहिलं तेव्हा ती बाईंपुढे उभी राहिली.

"बाई, मला नकाशाचा प्रश्न हवाय. ते माफीचे मार्क नकोत."

"का गं?" बाईंनी विचारलं.

"निकाल लागल्यावर लोक म्हणतात, हिला एवढे पडले, पण त्यातले काही दयेचे. मग बाकीचे, मी स्वतः कमावलेलेसुद्धा, माझे वाटत नाहीत."

बाईंनी परीक्षा मंडळाकडे हेलपाट्यांवर हेलपाटे घातले. शेवटी तिथले एक साहेब स्वतः येऊन बघायला तयार झाले. त्यांची खात्री पटली तर बोटांना कळेल असा उठावाचा नकाशा छापून प्रश्न विचारणार. नाही पटली, तर माफी कायम आणि विषय बंद. त्या दिवसापासून टिपरी सुट्टीतही माझ्याजवळ बसायला लागली. तिच्या टिपटिपीनं माझं डोकं उठायचं, पण मी एका शब्दानं तक्रार केली नाही.

आणि इथं काकांच्या मायेनं घात केला. पाहुणे येणार म्हटलं की माणसं घर झाडतात, भिंतीचे पोपडे झाकतात. काकांना वाटलं, साहेबांसमोर आपल्या पृथ्वीला टक्कल बरं दिसत नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी कुणाला न सांगता त्या झिजलेल्या जागी कोरा करकरीत पॉलिश पेपर चिकटवला. कडा इतक्या बेमालूम जुळवल्या की जोड कळू नये. आणि खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. माणूस सौम्य होता. खुर्चीत टेकत ते म्हणाले, "बाळ, घाबरू नकोस. सोपं विचारतो. आधी आपण कुठं राहतो ते दाखव."

टिपरीचं बोट सराईतासारखं निघालं. किनाऱ्यावर आलं. गुळगुळीत शोधू लागलं. सगळीकडे खरखरीत. बोट पुढे गेलं, मागे आलं. टिपरीची टिपटिप थांबली. दाराशी उभ्या काकांच्या ध्यानात आपण काय केलंय ते आलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, "पोरी, इथंच आहे, इथंच!"

"राहू दे," साहेब हळूच म्हणाले. "दुसरं काही विचारतो."

"नको," टिपरी म्हणाली. "मला हेच शोधायचंय."

तिनं बोट उचललं आणि थेट उत्तर ध्रुवाच्या मेणावर ठेवलं. तिथून खाली उतरून ती कमरेच्या तारेवर आली. तारेवरून आफ्रिका गाठली, तिचा सगळा किनारा चाचपला. मग मनाशी पुटपुटत, डोंगर मोजत, नदीचे दोरे ओलांडत ती दुसऱ्या वाटेनं घराकडे निघाली. बोट थांबलं. तिनं ती जागा दाबली, नखानं खरवडली आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"साहेब, आपण इथं राहतो. पण कालपर्यंत इथं अशी जमीन नव्हती. कुणीतरी नवी टाकलीय."

दाराशी काकांनी कपाळावर हात मारला आणि सगळं कबूल केलं. साहेब आधी चकित झाले, मग इतके हसले की चष्मा पुसावा लागला. त्यानंतर त्यांनी तिला जहाजातून नेलं, वाळवंटातून नेलं, पर्वत चढायला लावले. टिपरी कुठंच अडली नाही. उठताना ते बाईंना म्हणाले, "पाठ केलेली खूण काढून घेतली तरी जिला घर सापडतं, तिला भूगोल येतो. प्रश्न छापतो मी." माझा जीव भांड्यात पडला.

परीक्षेत नकाशा आला. जाड कागदावर उठवलेला, साधासुधा. निकालाच्या दिवशी टिपरी व्हरांड्यातून ओरडतच आली.

"बाई! नकाशात माझे दोन मार्क कापले!"

"काय?" बाई ताडकन उठल्या.

"काळा समुद्र विचारला होता, मी कॅस्पियन दाखवला. खळगे शेजारी-शेजारी, घाईत चुकले. कापले, बाई! खरंच कापले!" पहिला नंबर आल्यावरही कुणी एवढ्या तोऱ्यात सांगत नसेल.

बाईंनी तिला छातीशी धरलं. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. "वेडे, एवढं सोपं चुकलीस?" त्या म्हणाल्या. "चल, बस इथं. दोन्ही समुद्र परत दाखवते." आणि परीक्षा संपलेली, निकाल लागलेला, तरी ती पोरगी माझ्यापुढे मांडी घालून बसली.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या शिवणी उकलतायत, डोंगरांची सुतळी सुटतेय. कपाटात प्लास्टिकचा एक नवा गोल आलाय. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणा हवं तर, पण पोरींना तो आवडतो, आणि मलाही आता तेवढा राग येत नाही.

जाता जाता एकच मागतो. कुणाकडे बघून "राहू दे, हिला नाही जमायचं" असं तुमच्या ओठांवर आलं, तर जरा थांबा. माफ करायच्या आधी प्रश्न तरी विचारा. उत्तर चुकलं तर मार्क कापा. पण तिला चुकायला मिळू द्या.