कोपरावरचे डाग

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी जर्सी आहे. माझ्या पाठीवर बावीसचा आकडा आहे, आणि त्यातल्या एका दोनाची शेपटी सुटून लोंबते आहे. मला बोलायची सवय नाही. जर्सीने खेळावे, बोलू नये, असे आमच्यात मानतात. मी तर खेळलेही फारसे नाही. तेव्हा माझे आयुष्य ऐकून तुमच्या पदरात काय पडणार, हा प्रश्न मलाच पडतो. पण माझ्या दोन्ही कोपरांवर हिरवट डाग आहेत. लोक त्यांचे कौतुक करतात, आणि ते कौतुक मला सोसवत नाही. म्हणून बोलते.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे शिलाई यंत्रांच्या रांगा होत्या आणि छताला पंखे होते, ते वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देत. पूर्वी मुलींच्या संघाला पुरुषांसाठी शिवलेल्या आणि उरलेल्या जर्स्या मिळत. बाह्या बोटांच्याही पुढे जात, आणि गोलकीपर मुलगी चेंडू अडवण्याआधी बाह्याच आवरत बसे. मुलींच्या मापाने शिवलेला आमचा गठ्ठा पहिलाच. त्यामुळे आमचा तोरा काही विचारू नका. गोलकीपर कोपरांवर पडते, म्हणून मला शिवणाऱ्या बाई कोपरांना आतून जाड कापडाचा दुहेरी थर लावत होत्या. मुकादम म्हणाला, ही बावीस नंबरची, राखीव मुलीची, ती कसली पडते आहे. एक थर पुरे. बाईंनी मान वर केली नाही. "आणि पडली तर?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि दुसरा थर लावूनच त्यांनी दोरा तोडला.

त्या दुहेरी थरावर पुढे जे लागले ते आठवले, की मला त्या बाईंसमोर जायची लाज वाटते.

मी एका बस कंडक्टरच्या मुलीच्या अंगावर आले. ती देशाच्या फुटबॉल संघात दुसरी गोलकीपर होती. पहिलीला सगळ्या 'भिंत' म्हणत, आणि माझ्या मुलीला 'स्टेपनी'. गाडीच्या मागे जादा चाक बांधलेले असते ना, ते. चार चाके नीट असली की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझी मुलगीही या नावाला हसे. पण हसताना छातीत काय होते, ते तोंडापेक्षा जर्सीला जास्त कळते.

मग ती मोठी स्पर्धा आली. देशोदेशीच्या मुलींचे संघ आले. आमचा संघ जिंकत गेला, भिंत एकामागून एक चेंडू अडवत गेली, आणि स्टेपनी बाकावर बसून राहिली. राखीव मुलींना जर्सीवरून एक जाळीदार सदरा घालावा लागतो. त्या जाळीतून मी सगळे सामने पाहिले. सामना संपला की सगळ्या जर्स्या धुवायला एकाच टोपलीत जात. बाकीच्या चिखलाने माखलेल्या असत, घामाने जड झालेल्या असत, आणि आपापले पराक्रम सांगत असत. मी मात्र जशी गेले तशीच. "तू कशाला आलीस गं आंघोळीला?" भिंतीच्या एक नंबरच्या जर्सीने एकदा विचारले. तिच्या मनात वाईट नव्हते. पण मी टोपलीच्या तळाशी सरकले.

तिकडे मुलीचे वडील प्रत्येक सामन्याला कामाची पाळी बदलून घेत आणि डेपोतल्या टीव्हीसमोर बसत. दुसरे कंडक्टर आणि ड्रायव्हर त्यांना छेडत. लेक एवढ्या लांब बाकावर बसायलाच गेली असेल, तर बाक आपल्या स्टँडवरही होते की, असे म्हणत. वडील म्हणत, आज नाही तर पुढच्या सामन्यात. दर वेळी तेच उत्तर.

उपांत्यपूर्व सामन्याच्या दिवशी त्यांना पाळी बदलून मिळाली नाही. शेवटची दहा मिनिटे उरली असताना त्यांची बस सुटायची वेळ झाली. ते उठून गेले, बाकीचेही आपापल्या गाड्यांवर गेले, आणि इकडे आमचा संघ जिंकला.

सगळ्या मुली मैदानात धावल्या. फोटो काढायचा होता. स्टेपनीने जाळीचा सदरा उतरवला, आणि त्या मळक्या, लडबडलेल्या मुलींमध्ये मी दुकानातून आत्ताच काढल्यासारखी पिवळीधमक दिसू लागले. तिने इकडेतिकडे पाहिले. बुटाची नाडी बांधायला वाकावे तशी ती वाकली, आणि तिने दोन्ही कोपरे ओल्या गवतावर घासली. चांगली दाबून घासली.

मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा मळले ते असे.

तिला कोणालाही फसवायचे नव्हते. फोटोत वेगळे दिसायचे नव्हते, इतकेच. पण संध्याकाळी वडिलांचा फोन आला. त्यांच्या मागे हसण्याचे आणि कपबशांचे आवाज येत होते. "शेवटच्या दहा मिनिटांत उतरलीस ना गं?" ते म्हणाले. "मी फोटोत कोपरं बघितली तुझी. डेपोत सगळ्यांना चहा पाजलाय मी. सगळ्यांना, हां."

तिने तोंड उघडले. मला वाटले, आता ती सांगेल. ती म्हणाली, "हं."

एवढ्याशा त्या 'हं'चे ओझे नंतर आम्ही दोघींनी वाहिले. तिने मला धुवायलाही दिले नाही. खोलीतल्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवले, कोपरे आत दुमडून. उपांत्य सामन्याला ती दुसरी कोरी जर्सी घालून बाकावर बसली.

त्या सामन्यात भिंतीला भोक पडले. जादा वेळेत एक लेचापेचा फटका आला, गडगडत, कोणीही उचलावा असा. तो तिच्या दोन्ही गुडघ्यांमधून आत गेला आणि आमचा संघ हरला. त्यानंतर तिला कोणी भिंत म्हणेना, आणि दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारावी ते कोणाला सुचेना. दोघी गोलकीपर एकाच खोलीत राहत होत्या. भिंत खोलीच्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि स्टेपनी तिच्याकडे पाठ करून बसली. एकीला झालेल्या गोलाची लाज, दुसरीला न खेळलेल्या खेळाची.

सकाळी प्रशिक्षक मॅडम आल्या. आता तिसऱ्या जागेचा सामना उरला होता. उपांत्य फेरीत हरलेले दोन संघ तो खेळतात. मुलींना तो नकोच होता. हरल्यावर पुन्हा हरायला कशाला उभे राहायचे, विमानाची तिकिटे आधीची करा, असे काही जणी उघड म्हणत होत्या. मॅडम दारातच उभ्या राहिल्या आणि स्टेपनीला म्हणाल्या, "परवा तू."

ज्या शब्दांची तिने इतकी वर्षे वाट पाहिली, ते आले होते. ती म्हणाली, "मला नको. उष्टं ताट मला नको, मॅडम."

संध्याकाळपर्यंत विचार कर, असे सांगून मॅडम गेल्या. पलंगावर भिंत हलली नाही, पण 'उष्टे' म्हणजे कोणाचे, ते तिला बरोबर कळले असणार.

खरे कारण मला एकटीला माहीत होते. ती मैदानात उतरली असती, तर टीव्हीवरचा निवेदक पहिल्याच मिनिटाला म्हणाला असता, की ही हिची देशासाठीची पहिलीच लढत. ते वाक्य डेपोत ऐकू गेले असते. वडिलांच्या हातात चहाचा कप असता आणि सगळे त्यांच्याकडे वळून बघत असते. लेकीची पहिली लढत आज, मग त्या दिवशीचा तो चहा कसला? म्हणून ती स्वतःच्या तोंडचा घास लाथाडत होती, आणि त्याला उष्टे म्हणत होती.

दुपारी भिंत उठली. पाणी प्यायला जाताना तिचा हात खुर्चीला लागला आणि मी खाली पडले. तिने मला उचलले. झटकले. माझी कोपरे उलगडली. मला कुठे लपू आणि कुठे नको असे झाले.

"कोपरावर पडलं की कमरेलाही लागतं," ती हळू आवाजात म्हणाली. "बरगडीलाही. नुसती कोपरं मळत नाहीत."

स्टेपनीचे कान लाल झाले.

"माझा डाग निघावा म्हणून मी रात्रभर देवाला विनवलं," भिंत म्हणाली, "आणि तू बाई हौसेनं लावून घेतलास." ती हसली. हरल्यापासून पहिल्यांदाच. मग स्टेपनीला रडू आले, आणि तिने फोटो, फोन, चहा, सगळे सांगून टाकले. भिंतीने ऐकून घेतले. तिने उपदेश केला नाही. तुला नको असेल तर परवा मीच उभी राहीन, असे म्हणाली. मलाही तोंड दाखवायची लाज वाटते, ती म्हणाली, पण हा सामना न खेळता गेला तर तो गोल हाच माझा शेवटचा खेळ म्हणून लोकांच्या लक्षात राहील. तरीही आधी तुझा नंबर आहे. तू काय ते ठरव. एवढे सांगून तिने मोबाइल स्टेपनीच्या मांडीवर ठेवला आणि ती खोलीबाहेर गेली.

स्टेपनीने मला कुशीत घेऊन फोन लावला. वडील बसच्या पायरीवर बसून डबा खात होते.

"बाबा, त्या दिवशी मी खेळले नव्हते. कोपरं मीच गवतावर घासली."

पलीकडे डब्याचे झाकण लागल्याचा आवाज आला. ते रागावले असते तर बरे, असे मला वाटले.

"सगळ्यांना चहा पाजला मी," शेवटी ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मग आता खेळणार आहेस की नाही?"

"परवा आहे. तिसऱ्या जागेसाठी. स्टेडियम रिकामंच असेल. कोण बघतं हा सामना?"

वडील म्हणाले, "शेवटची बस पण रिकामीच असते गं. म्हणून आम्ही सोडत नाही का? कुठल्या तरी स्टॉपवर कुणी तरी थांबलेलं असतंच."

फोन ठेवताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यांना लागले होते, ते लपले नाही. पण दुसऱ्या दिवशी डेपोत त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितले, की लेक त्या दिवशी खेळली नव्हती, उद्या खेळणार आहे, आणि दुसऱ्यांदा चहा मिळणार नाही. हे मला फार नंतर कळले.

सामन्याला तिने मलाच घातले. कोपरावरचे डाग तसेच होते. स्टेडियममध्ये खुर्च्याच जास्त दिसत होत्या. सुरुवातीलाच आमच्यावर गोल झाला, आणि ती तिचीच चूक होती. ती वेळेआधी पुढे धावली. पण त्यानंतर ती पडू लागली. डावीकडे पडली, उजवीकडे पडली. कमरेला चिखल लागला, बरगडीला लागला, एकदा तोंडात गेला. त्या बाईंनी लावलेला दुसरा थर अखेर कामी आला. पलीकडच्या मुलीही जीव तोडून खेळत होत्या. चौथे होऊन घरी जाणे काय असते, ते दोन्ही संघांना कळत होते. उत्तरार्धात आमच्या मुलींनी दोन गोल केले.

थोडा वेळ उरला असताना चेंडू बाहेर गेला आणि खेळ थांबला. स्टेपनीने बाकाकडे पाहिले. तिथे जाळीच्या सदऱ्यात भिंत बसली होती. जाळीतून जग कसे दिसते, ते आम्हा दोघींना पाठ होते. स्टेपनीने मॅडमना खूण केली, की माझ्या जागी तिला आत घ्या. मॅडमनी मान हलवून नाही म्हटले. तिने पुन्हा खूण केली, आणि हातमोजे काढायला लागली.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. मला राग आला. आयुष्यात एकदा मैदान मिळाले, आणि त्यातलाही शेवटचा तुकडा ही देऊन टाकते आहे! पण नंतर मी पुष्कळ विचार केला. अंतिम सामन्यात हे कोणी करू दिले असते का? तिथे सुवर्णपदकापुढे माणूस दिसत नाही. तिसऱ्या जागेच्या सामन्यात मात्र एवढी जागा होती, की चुकलेल्या मुलीने पुन्हा गोलात उभे राहावे.

भिंत आत आली. तिच्याकडे एकच चेंडू आला, गडगडत, लेचापेचा. तिने दोन्ही गुडघे जमिनीला टेकवले आणि झोपलेले मूल उचलावे तसा तो छातीशी धरला. आम्ही जिंकलो. त्या स्पर्धेत शेवटचा सामना जिंकून घरी गेलेले संघ दोनच होते, एक सुवर्णवाला आणि एक आमचा.

पुढे माझे काय झाले? काही दिवस मला क्रीडा संघटनेच्या काचेच्या कपाटात ठेवले. मग दुसऱ्या कोणी तरी करंडक आणला, आणि मी खोक्यात गेले, फुटक्या चेंडूंच्या शेजारी. आता माझी मुलगी लहान मुलींना शिकवते. एकदा ती तिथे गेली आणि मला मागून घेऊन आली. तिच्या मैदानावरच्या खोलीत मी खिळ्याला असते. मुली येतात, माझ्या डागांवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, ताई, केवढ्या लढलात तुम्ही. अशा वेळी मला खिळ्यावरून खाली पडावेसे वाटते.

पण ती मला खाली उतरवते, मांडीवर पसरते आणि दर वेळी सांगते, "हे कमरेवरचे खेळून लागलेले. कोपरावरचे मी लावलेले. आणि हे बरगडीवरचे बघा, हे तिसऱ्या जागेचे." मुली डोळे मोठे करतात. एखादी धिटुकली विचारते, मग ते खोटे धुऊन का नाही टाकलेत? ती म्हणते, धुऊन पाहिले. खऱ्यांच्या बरोबर तेही राहिले.

म्हणून, मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. तुमच्या घरी कोणाची जुनी जर्सी असेल तर तिला सावलीत वाळवा, कोरडी ठेवा, कसरीपासून जपा. अंतिम सामन्याची असेल तर तिला जपणारे पुष्कळ भेटतील. तिसऱ्या जागेची असेल, तर तुम्हीच जपा. आणि तिच्यावर एकही डाग नसेल, तर तिला विचारू नका, की तू कशाला आलीस गं आंघोळीला. ती टोपलीच्या तळाशी सरकते. तिथून वर यायला फार वेळ लागतो.