पाच दिवसांची ऊब

ओदिल आणि तादेय एकाच यंत्राच्या एकाच थरावर कित्येक वर्षं काम करत होते. पण आपल्या दोघांची कामं एकमेकांच्या मुळावर येऊ शकतात, हे त्यांना लग्न होऊन, घर घेऊन, मुलगी शाळेत जायला लागल्यावर कळलं.

यंत्र जमिनीखाली खोल होतं. वर फ्रान्समधल्या तोइरी गावाजवळची शेतं, गायी, पलीकडे जूराचा डोंगर. खाली कणांच्या टकरी. टकरी जिथे होतात त्या नळीला अगदी चिकटून सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचा एक थर होता. तो तादेयचा. कण चकतीतून गेला की तिच्यात विजेची बारीकशी चुणूक उठायची. ती चुणूक बाहेर आणायचं काम ओदिलचं. तांदळाच्या कणीएवढे लेसर त्या चुणुकीचा प्रकाश करायचे आणि काचेच्या तंतूंमधून तो वर संगणकांच्या खोलीपर्यंत पोचवायचे. चकतीने पाहायचं आणि लेसरने सांगायचं, असा तो संसार होता.

टकरींतून निघणारा किरणांचा मारा दोघांवर सारखाच बसे. लेसरही जखमी होत, चकत्याही. फरक एवढाच, की लेसरला ऊब मिळाली तर त्याची जखम आपोआप भरून येते, आणि चकतीला फार दिवस ऊब मिळाली तर ती आतून नासत जाते. म्हणून सगळा थर बाराही महिने गोठणबिंदूच्या बराच खाली ठेवलेला असे. लेसरची थंडीतली चाचणी जरा घाईतच उरकली होती, कारण चाचणीसाठी कणांचा झोत हवा होता आणि झोतासाठी रांग होती. ओदिलने तेव्हा ते बैठकीत बोलूनही दाखवलं होतं. एवढ्यावर भागेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

भागलं नाही. सातव्या वर्षी लेसर मंद व्हायला लागले. आधी थराच्या एका टोकाचे, मग मधले. ओदिल सकाळी आली की अंगातला कोट न काढताच संगणकाचा पडदा उघडायची आणि रात्रीत कोण विझलं ते बघायची. एक लेसर विझला की त्याच्यामागची चकती मुकी व्हायची. दिसत असायचं तिला सगळं, पण सांगता येत नसे. ओदिल मग शेजारच्या, मंद होत चाललेल्या लेसरचा वीजप्रवाह वाढवून ठेवायची. त्याने काही आठवडे निभायचं, आणि पुढे तो लेसर जास्तच लवकर झिजायचा. तिच्या हातात तेवढंच होतं. थर यंत्राच्या पोटात बंद होता, आणि यंत्र मोठ्या दुरुस्तीसाठी उघडायला अजून तीन वर्षं होती.

हिवाळ्यात झोत काही आठवडे थांबतो. त्या वेळी थर दहा दिवस उबदार ठेवावा, अशी मागणी ओदिलने डिसेंबरच्या बैठकीत मांडली. बैठक हान्नेकेच्या हाती होती. ही डच बाई सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेई आणि मग कुणालाच पूर्ण न आवडणारा निर्णय देई. तिने तादेयला विचारलं, दहा दिवसांत तुझ्या चकत्यांचं काय होईल?

तादेय उठला नाही. बसल्या जागेवरून त्याने सांगितलं, की पाच दिवस चकत्या सोसतील, थोडा फायदाही होईल. त्यानंतर मात्र नासणं सुरू होईल आणि ते पुन्हा कधीच भरून येणार नाही. बोलताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही. तो हेच बोलणार हे ओदिलला ठाऊक होतं. तो दुसरं काही बोलला असता तर तिलाच त्याची लाज वाटली असती. 

हान्नेकेने पाच दिवस दिले.

दोघं एकाच गाडीतून घरी निघाली. धुकं इतकं दाट होतं की पुढच्या गाडीचे दिवेही नीट दिसत नव्हते. गावाच्या वळणावर ओदिल म्हणाली, "इतकं ठासून सांगायला नको होतंस."

"मग खोटं सांगायचं होतं?"

"नाही."

 तिला तक्रार करायलाही जागा नव्हती.

जानेवारीत थंडावा बंद केला आणि थर हळूहळू खोलीइतका उबदार झाला. दुसऱ्या दिवसापासून लेसर सुधारायला लागले. ओदिल पडद्यासमोरून हलेना. मेलेत म्हणून सोडून दिलेले दोन-तीन लेसर मिणमिणायला लागले तेव्हा तिने शेजारच्या टेबलावरच्या दुआर्तेला हाक मारून दाखवलं. दुआर्ते पोर्तुगालचा, जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, "बाई, किती महिन्यांनी तुझ्या तोंडावर ऊन पडलंय."

पाचव्या दिवशी थंडावा पुन्हा सुरू करायचा होता. सकाळी रोशाचा फोन आला. रोशा थंडाव्याच्या यंत्रणेचा प्रमुख, जवळच्या जेक्स गावचाच माणूस, बोलणं मोजकं. मुख्य पंपाचं बेअरिंग जाम झालंय, म्हणाला. घाबरू नका, राखीव पंप आहे. दुपारी राखीव पंप लावला तर त्याच्या सीलला तडा गेलेला निघाला. नवा भाग कारखान्याकडून यायला हवा होता आणि कारखान्याकडे तयार नव्हता.

सगळ्यांनी डोकं चालवलं. बाहेरून थंड हवा सोडावी तर आत दव धरून सगळंच भिजलं असतं. दुसऱ्या यंत्राचा पंप आणावा तर त्याच्या नळ्यांचा आकार वेगळा. रोशाची माणसं आळीपाळीने खाली असायची. रोशा स्वतः तर वर येईचना. सहावा दिवस गेला, सातवा गेला. थर उबदारच होता. तादेयच्या पडद्यावरचे आकडे चढत होते, आणि ते चढायला नको होते. ओदिलच्या पडद्यावरचेही चढत होते, आणि ते चढावेत म्हणूनच तर तिने वर्षभर जीव टाकला होता.

तिला आनंद होत होता. ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं. सकाळी पडदा उघडला की छातीत काहीतरी उचलून यायचं, आणि लगेच भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेल्या तादेयची आठवण व्हायची.

कँटीनमध्ये जेवताना दुआर्तेने विचारलं, "खरं सांग ओदिल, रोशाला कुठली वाइन पाठवलीस?"

टेबलावर हशा पिकला. ओदिलही हसली. तादेय ताटातल्या बटाट्याचे काट्याने तुकडे करत राहिला.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात योता करत होता. आंबवलेला कोबी आणि राजमा एका भांड्यात शिजत होता. तो फार दमला की त्याला त्याच्या आईकडचंच जेवण लागे. मुलगी पोहायला गेली होती. डाव फिरवता फिरवता, मागे न वळता, तो म्हणाला, "एक विचारू? रोशाशी तुझं काही बोलणं झालं होतं का? म्हणजे आधी?"

ओदिल कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"काय बोलणं?"

"काही नाही. जरा सावकाश घ्या, असं काहीतरी. सहज."

"नाही."

"बरं."

"तादेय, मी नाही बोलले."

"बरं म्हटलं ना मी. विश्वास आहे माझा."

तो चिडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. विश्वास आहे, असं त्याला सांगावं लागलं होतं, आणि न केलेल्या गोष्टीची शपथ तरी कशावर घ्यायची? दोघं योता खायला बसली. मुलगी ओल्या केसांनी आली आणि पोहण्याच्या शर्यतीबद्दल बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओदिलने आपले सगळे लेसर बंद केले. लेसर चालू असले की त्यांची स्वतःची थोडी उष्णता असते. ती तरी कमी होईल, असा हिशेब. बंद लेसर सावकाश भरतात, हे तिला ठाऊक होतं. तिने हान्नेकेला फोनवर कळवलं. हान्नेके म्हणाली, तुला योग्य वाटत असेल तर कर.

थोड्याच वेळात तादेय तिच्या दारात उभा राहिला. त्याच्या पडद्यावर तापमान जेमतेम एक अंशाने उतरलं होतं.

"चालू कर ते."

"राहू दे. तुला थोडी मदत होईल."

"एका अंशाने काय होतंय? मी काढून पाहिलंय. काही म्हणजे काही होत नाही." तो आत आला आणि खुर्चीवर बसला. दाढी केलेली नव्हती. "माझं जायचं ते जाणारच आहे, ओदिल. निदान तुझं तरी राहू दे."

"मला नकोय असं."

"मला तरी कुठे हवंय?"

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्याच हातांनी त्याने एकेक चकती धुळीपासून जपत थरावर बसवली होती, आणि शेजारी तिने काचेचे तंतू जोडले होते. तेव्हा तिला पाचवा महिना होता. दोघांना एकाच वेळी वाकता येत नव्हतं, म्हणून ती थांबायची आणि तो बाजूला झाला की पुढे व्हायची.

शेवटी तादेयनेच हात लांबवून तिचा माउस घेतला आणि लेसर चालू केले. मग तो आपल्या खोलीत निघून गेला.

पंपाचा भाग आला तोवर दुसरा आठवडाही सरला होता. थंडावा सुरू झाला, थर पुन्हा गोठला, वसंतात झोत आला. ओदिलचे जवळजवळ सगळे लेसर जिवंत होते आणि लख्ख होते. तादेयच्या चकत्या मात्र आता फार मोठा विद्युतदाब दिल्याशिवाय काम करेनात, आणि तेवढा दाब सोसणाऱ्या तारा आत नव्हत्या. समोरून गेलेल्या कणांपैकी निम्मेही चकत्यांना दिसत नव्हते. बाकी नुसता कचरा, विजेची कुरकुर. ती कुरकुर ओदिलचे लेसर एकही थेंब न सांडता वर पोचवत होते.

चौकशी झाली. कुणाचीच चूक निघाली नाही. रोशा एकदा मुद्दाम त्यांच्या खोल्यांपाशी आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही मला रागवा तरी."  तादेयने त्याला कॉफी दिली.

जूनमध्ये ओदिलला मोठ्या सभागृहात बोलावं लागलं. यंत्राच्या आत इतकी वर्षं मार खाल्लेले लेसर उबेने किती भरून येतात, हे इतक्या दिवसांच्या मोजमापासह आजवर कुणाकडेच नव्हतं. इतके दिवस थर मुद्दाम कोण उबदार ठेवणार होतं? हान्नेके म्हणाली, हे लोकांना सांगायलाच हवं. ओदिलने टाळायचा प्रयत्न केला, दुआर्तेचं नाव सुचवलं. तेही चाललं नाही.

ती बोलली. आलेख चढत गेला तसे लोक पुढे सरकून बघू लागले. शेवटी एकाने विचारलं, की पुढच्या थरातही लेसर असेच नळीजवळ बसवणार का? ओदिलने सांगितलं, नाही. नव्या आराखड्यात ते लांब, बाहेर ठेवलेत, आतून तिथवर तांब्याच्या तारा येतील. तिथे किरणांचा मारा कमी, मग कुणाला उबेची गरजच पडणार नाही. आराखडा चांगला आहे असंही ती म्हणाली, आणि तो होताच चांगला.

टाळ्या वाजल्या. तादेय मधल्या रांगेत बसला होता. त्यानेही वाजवल्या, इतरांसारख्याच, ना कमी ना जास्त.

बाहेर आल्यावर दोघं जिन्यापाशी भेटले. माणसं आजूबाजूने उतरत होती, कुणी ओदिलच्या खांद्यावर थाप मारून जात होतं.

"चांगलं बोललीस," तो म्हणाला.

"तुझ्या चकत्यांचा आलेख मी दाखवला नाही."

"बघितलं मी."

"दाखवायला हवा होता का?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला खरंच माहीत नाही."

तिला त्याचा हात धरावासा वाटला. पण तेवढ्यात कुणीतरी तिला प्रश्न विचारायला थांबवलं आणि ती उत्तर देत राहिली. तादेय कठड्याला टेकून, तिचं संपेपर्यंत, तिथेच उभा राहिला.