शेजारची सीट

"काका, शिकणारा कुठे उतरला?" पेट्रोल भरणाऱ्याने आत डोकावून विचारलं. शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच बघून त्याला गंमत वाटत होती.

"तो पास झाला," मास्तर म्हणाले. "नापास मी झालो."

तो पोट धरून हसला. मास्तरांना काही हसू आलं नाही.

त्यांची सगळी हयात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली होती, तीही शेजारच्या सीटवर. मैदान, चौक, चढण, परत मैदान. घाण्याचा बैल बरा. हाताखालून गेलेले लोक कुठे कुठे फिरून आले, मास्तर मात्र वेशीबाहेर पडले नव्हते. मागच्या महिन्यात एक बाई एका टेम्पोला अगदी व्यवस्थित ओव्हरटेक करत होत्या, आणि मास्तरांनी घाबरून आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. मागची गाडी येऊन आदळली. कोणाला लागलं नाही. मालक गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, खूप केलंत. आता आराम करा," आणि निरोपाची भेट म्हणून ही जुनी गाडी देऊन टाकली. म्हातारी म्हाताऱ्याच्या गळ्यात! दुसऱ्याच दिवशी नव्या गाडीत, मास्तरांच्या जागेवर, चष्मेवाला जाऊन बसला.

चष्मेवाला म्हणजे स्कूलमधलाच दुसरा मास्तर, कालचा पोरगा. क्लच कसा सोडायचा हे त्याला मास्तरांनीच शिकवलेलं. तो म्हणे कधी आवाज चढवत नाही, लोक म्हणे मुद्दाम त्यालाच मागतात. पण मास्तरांच्या पोटात दुखायचं ते निराळ्याच कारणाने. त्यांच्या धंद्यात एक रीत होती. घरच्या माणसाला आपण शिकवायचं नाही, दुसऱ्या मास्तराकडे द्यायचं. पोटच्या पोरीला शिकवताना ब्रेकवर पाय लवकर पडतो आणि तोंड त्याच्याही आधी सुटतं. म्हणून मास्तरांनी स्वतःच्या हाताने मुलीला चष्मेवाल्याच्या हवाली केलं होतं. लग्न होऊन ती लांब गेली, तरी फोनवर तिचं "आमचे सर म्हणायचे" काही थांबत नव्हतं. सर म्हणजे चष्मेवाला. बाप नुसता बाबा.

तिच्याकडेच ते निघाले होते. दोन दिवसांचा रस्ता, एकट्याने. एकदा तिला शेजारी बसवून गाडी कशी चालवतात ते दाखवायचं, म्हणजे त्या सरांचं नाव तरी बंद होईल.

घाट लागला तेव्हा ते रिकाम्या सीटकडे बघून म्हणाले, "आरसा बघा," आणि स्वतःवरच खेकसले. वर पोचल्यावर खाली सगळा मुलूख उघडा पडला. त्यांचा जीव हरखला. चष्मेवाल्याने हे बघितलंय थोडंच! पण लगेच मनात आलं, बघेल की, त्याचं सगळं आयुष्य पडलंय. आणि घाट उतरेपर्यंत त्यांचं तोंड कडू झालं.

मुलगी दारातच उभी होती. "बाबा, खरंच एकटे आलात? कमाल आहे तुमची!"

"चल, एक चक्कर मारून आणतो तुला."

"तुम्ही दोन दिवस चालवताय. आता मी चालवते, चला बाजारात." तिने स्वतःच्या गाडीची किल्ली उचलली, आणि मास्तर मुकाट्याने पुन्हा शेजारच्या सीटवर बसले.

बाजारात दोन गाड्यांमध्ये जेमतेम फट होती. मुलीने एकदाच आरशात बघितलं आणि एका दमात गाडी मागे घेऊन लावली. मास्तर थक्क झाले. इतकं हलकं स्टेअरिंग त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं.

"ताई, हात झकास बसलाय," पार्किंगवाला म्हणाला. "शिकवलं कोणी?"

मुलीने एकदा बापाकडे बघितलं. "हे काय, आमचे बाबा. मास्तर आहेत ते."

जे ऐकायला आले होते, ते फुकट मिळत होतं. नुसतं "हो" म्हणायला काय जात होतं? चष्मेवाला कुठे ऐकायला बसला होता!

"मी नाही," मास्तर म्हणाले. "हिचे सर वेगळे. माझ्यापेक्षा चांगले."

मास्तरांनी मागच्या सीटवरच्या पिशव्या उचलल्या आणि मुलीला वाट करून देत गर्दीत शिरले.